हे कुणाचं?

श्रावणातली पावसाळी संध्याकाळ होती. शेजारची सहावीतली मुलगी वही घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली. मराठी वाक्यांचं इंग्रजी करा, असा गृहपाठ होता आणि तो तपासून आला होता. एक वाक्य होतं, 'मीना आपल्या भावाला राखी बांधते.' खाली तिने टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मीना टाइज अ राखी टू हिज ब्रदर.' त्यातल्या 'हिज'भोवती लाल शाईचं वर्तुळ आणि डोक्यावर 'हर'. बाकी काही नाही. तिने त्या वर्तुळावर बोट ठेवलं आणि विचारलं, "काकू, पण भाऊ तर मुलगाच असतो ना?"

मला तो प्रश्न फार आवडला. ती अंदाजाने काहीतरी लिहून मोकळी झाली नव्हती. पुल्लिंग की स्त्रीलिंग, याचा तिने विचार केला होता, वाक्यात शोध घेतला होता, आणि तिला जो पुरुष सापडला त्याला तिने 'हिज' देऊन टाकलं होतं. चुकलं ते एवढंच, की तो पुरुष मालक नव्हता.

आपल्या भाषेत षष्ठीचा प्रत्यय नेहमी वस्तूकडे बघतो. माझा सदरा, माझी पेन्सिल, माझं दप्तर. वस्तू अनेक झाल्या की माझे मित्र, माझ्या वह्या, माझी पुस्तकं. पुढे शब्दयोगी अव्यय आलं की सगळ्यांचं मिळून एकच 'माझ्या'. मी तोच, पण माझ्या मालकीचा शब्द समोरच्या वस्तूप्रमाणे दर वेळी बदलतो. हे सगळं चार वर्षांचं पोर एकही चूक न करता बोलतं. त्याला कुणी तक्ता पाठ करायला लावलेला नसतो. अशा मुलाला इंग्रजीतलं 'माय' भेटतं तेव्हा ते खूश होतं. माय शर्ट, माय पेन्सिल, माय फ्रेंड्स. काही बदलायला नको. पहिले काही दिवस इंग्रजी ही फार सोपी भाषा आहे असं वाटतं ते याच शब्दामुळे, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

मग तिसरा माणूस येतो. हिज आणि हर. इथे इंग्रजी वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही, फक्त मालकाकडे बघते. तिचा भाऊ असो, तिची बहीण असो, तिचं घर असो, सगळीकडे हर. फ्रेंच भाषेत बरोबर उलट चालतं. तिथे मालक पुरुष की बाई हे त्या शब्दावरून कळतच नाही, वस्तूचं लिंग तेवढं कळतं. हिंदीतही तसंच. 'उसका भाई' म्हटलं की भाऊ दिसतो, पण तो त्याचा की तिचा हे पुढचं-मागचं ऐकल्याशिवाय समजत नाही. मराठी मात्र दोन्हीकडे बघते. 'तिचा भाऊ' यातल्या 'ति'मध्ये बहीण आहे आणि 'चा'मध्ये भाऊ. दोन अक्षरांच्या शब्दात दोन माणसं शेजारी शेजारी बसलेली. जर्मनही अशीच दोघांची दखल घेते. म्हणजे आपल्या मुलांना मालकाकडे बघायची सवय नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. मराठी मुलाला 'तिचा' आणि 'त्याचा' यातला फरक पक्का ठाऊक असतो. 'मीना तिच्या भावाला राखी बांधते' असं वाक्य असतं, तर शेजारच्या मुलीने डोळे मिटून 'हर' लिहिलं असतं.

तिला अडवलं ते 'आपल्या' या शब्दाने. 'आपला'मध्ये मालकाचा चेहरा दिसत नाही. मीनाने आपल्या भावाला, रमेशने आपल्या भावाला, मुलांनी आपल्या भावाला, सगळीकडे तोच शब्द. तो फक्त एवढंच सांगतो की या वाक्यात जो कर्ता आहे त्याचंच हे. कर्ता स्त्री की पुरुष, एक की अनेक, हे तो पुन्हा सांगत बसत नाही, कारण ते एकदा सांगून झालेलं असतं. इंग्रजीत असा शब्दच नाही. त्यामुळे मुलीला 'आपल्या'वरून काहीच खूण मिळाली नाही, आणि तिने जवळात जवळचा पुरुष धरला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं, ही रीत आपल्या हाडीमांसी भिनलेली. ती रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या रीतीत 'आपला' हा खाचखळग्याचा रस्ता आहे, आणि तिथे मुलाचा हात धरावा लागतो.

खरं तर 'आपला' किती कामं करतो हे बघायला बसलं की मन रमतं. एसटीच्या स्टँडवर दोन बायका शेजारी बसलेल्या आहेत. 'तिने आपली पिशवी उचलली' म्हटलं तर सगळं सुरळीत आहे. 'तिने तिची पिशवी उचलली' म्हटलं तर ऐकणारा दचकतो, कुणाची कुणी उचलली? इंग्रजीत दोन्हीला 'शी पिक्ड अप हर बॅग' एवढंच. चोरी झाली की नाही हे पुढच्या वाक्यावर सोपवायचं. मग सगळ्यांना सामावून घेणारा 'आपला' आहे. 'आपली शाळा' म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्या शाळेचे. 'आमची शाळा' म्हटलं की ऐकणारा बाहेर उभा. इंग्रजीतलं 'अवर स्कूल' हे दोन्हींसाठी पुरतं, आणि म्हणून पुरतही नाही. परगावाहून आलेल्या पाहुण्याला 'अवर व्हिलेज' म्हणून गाव दाखवलं तर त्याला आत घेतलं की दारात ठेवलं हे त्या शब्दातून कळणार नाही. मग मान देणारा 'आपला' आहे. आपलं नाव काय, आपलं गाव कुठलं. जिव्हाळ्याचा आहे. 'तो आपला माणूस आहे' यात नातं नसलं तरी चालतं. आणि ज्यात मालकीचा मागमूस नाही असाही एक 'आपला' आहे. 'मी आपला ओट्यावर बसलो होतो.' 'आपलं सहज आलो.' इथे कुणाचं काय, असं विचारण्यात अर्थ नाही. बोलणाऱ्याच्या मनातला निवांतपणा त्या शब्दात उतरलेला असतो. असा शब्द रोज तोंडात असलेलं मूल इंग्रजीच्या तासाला हिज, हर आणि अवर यांच्यासमोर उभं राहतं, तेव्हा ते रिकाम्या हाताने आलेलं नसतं हे शिकवणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं.

'आमचा' हाही काही कमी नाही. एकुलता एक मुलगा 'आमची आई' म्हणतो. इंग्रजीत त्याने 'अवर मदर' म्हटलं की ऐकणारा भावंडांची चौकशी करतो. आपल्याकडे आई एकट्याची असते असं म्हणायची पद्धतच कमी. ती घराची असते. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या पिढीत 'आमचे हे' हा तर पूर्ण पत्ता होता. आणि 'आमच्याकडे' या शब्दाचं काय सांगू. लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा माहेरी येते आणि बोलता बोलता म्हणते, 'आमच्याकडे आमटीत गूळ नाही घालत.' स्वयंपाकघरात आईचा हात क्षणभर थांबतो. कालपर्यंत 'आमच्याकडे' म्हणजे हेच घर होतं. मुलीच्याही ते लगेच लक्षात येतं, आणि ती घाईने 'म्हणजे तिकडे' असं म्हणते. मी हे आमच्या घरात पाहिलं आहे, शेजारच्या घरात पाहिलं आहे, आणि दर वेळी गळ्याशी काहीतरी दाटलं आहे. इंग्रजीत तिला आईचं घर, सासूचं घर असं फोडून सांगता आलं असतं. मराठीत तिला दोन्ही घरं एकाच शब्दात ठेवायची असतात, आणि काही वर्षांनी ती ठेवतेही. ऐकणारे तिच्या सुरावरून ओळखतात.

आदराचंही एक प्रकरण आहे. 'आजोबा त्यांचा चष्मा शोधत आहेत' याचं इंग्रजी मुलं सरळ 'देअर स्पेक्टॅकल्स' असं करतात. आजोबा एकटे, चष्मा एक, तरी 'देअर'. त्यांना 'हिज' लिहायला सांगितलं की काही मुलांना खरोखर अवघड वाटतं, जणू आजोबांना अरे-तुरे केलं. मी त्यांना सांगत असे, इंग्रजीत आजोबांनाही 'हिज' आणि शेजारच्या पोरालाही 'हिज', त्यात अपमान नाही, त्यांचा आदर ते दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. गंमत अशी, की इंग्रजीतही एका माणसासाठी 'देअर' वापरतात, आणि ते काही आजचं नाही, चौदाव्या शतकापासून चालत आलं आहे. कुणीतरी छत्री विसरून गेलं आहे आणि ते कोण हे माहीत नाही, तेव्हा 'समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला'. मधल्या काळात व्याकरणकारांनी त्यावर नाक मुरडलं, पण बोलणाऱ्यांनी ते सोडलं नाही. स्वतःला हिज किंवा हर यांपैकी कशातच बसवू न इच्छिणारी माणसंही आता हा शब्द वापरतात. 2019 साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशाने 'दे' हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आपण एकाला अनेकवचन देतो ते मानाने, ते देतात ते समोरच्याबद्दल काही गृहीत धरायचं नाही म्हणून. दोन्हीकडे व्याकरण माणसाला जरा जपूनच हात लावतं, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

या शब्दांच्या जुन्या हकिकती वाचताना मला सगळ्यात जवळची वाटली ती 'इट्स'ची. आज पुस्तकात हिज, हर, इट्स असा तक्ता असतो आणि तो अनादी काळापासूनचा असावा असं वाटतं. पण 'इट्स' हा त्यातला अगदी धाकटा शब्द. सोळावं शतक संपता संपता तो छापील इंग्रजीत दिसायला लागला. 1611 साली निघालेल्या इंग्रजी बायबलच्या मूळ छपाईत तो एकदाही नाही. शेक्सपिअरच्या नाटकांच्या 1623 सालच्या संग्रहात तो थोड्याच ठिकाणी सापडतो. त्याआधी निर्जीव वस्तूंचं काय करत? त्यांनाही 'हिज'च म्हणत. मिठाची चव, झाडाची फळं, सगळी 'हिज'. हे वाचलं आणि मी थांबले, कारण आपण आजही तेच करतो. तो मुलगा, त्याचं दप्तर. ते झाड, त्याची पानं. पुल्लिंगी 'तो' आणि नपुंसकलिंगी 'ते' यांचा षष्ठीत एकच 'त्याचा' होतो. चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी 'हिज' आणि आजचं मराठी 'त्याचा' यांची वागणूक एक होती. पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांना झाड आणि माणूस एका शब्दात ठेवणं खटकायला लागलं असावं आणि त्यांनी नवा शब्द घडवला. आपल्याला ते अजून खटकलेलं नाही.

आणि त्या 'इट्स'च्या डोक्यावरचा अपॉस्ट्रॉफी! सतराव्या-अठराव्या शतकांत चांगले शिकलेले लोकही मालकीच्या 'इट्स'मध्ये तो स्वल्पविराम टांगून देत. एकोणिसावं शतक उजाडल्यावर तो तिथून हळूहळू हटला आणि 'इट इज'च्या जोडशब्दापुरताच राहिला. आज मूल चुकून तो टांगतं तेव्हा त्याला नावं ठेवण्याआधी एवढं आठवावं. शिकवताना मी एकच खूण सांगत असे. 'हिज'वर काही टांगलेलं असतं का? नाही ना, मग त्याच्या भावंडांवरही नाही. हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, इट्स, सगळे डोकं मोकळं ठेवून चालतात. एवढ्याने बऱ्याच जणांचं काम होतं. रजेच्या अर्जाखाली मात्र 'युअर्स'वरचा तो स्वल्पविराम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. हजार अर्जांवर मी तो पाहिला असेल. ती ओळ लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे कुणी कधी सांगितलेलं नसतं. 'युअर्स फेथफुली' म्हणजे आपला विश्वासू. लिहिणारा स्वतःला वाचणाऱ्याच्या स्वाधीन करतो आहे. मराठी पत्राच्या शेवटी 'तुझी' एवढंच लिहून खाली नाव घालणाऱ्या मुलीला हे एकदा सांगितलं, की ती 'युअर्स' कधी चुकत नाही.

माय आणि माइन यांचंही असंच. मुलं 'धिस बुक इज माय' लिहितात, कारण मराठीत 'माझं पुस्तक' आणि 'पुस्तक माझं' दोन्हीकडे माझं ते माझंच. इंग्रजीत 'माय'ला एकटं उभं राहता येत नाही, त्याला पुढे नाम लागतं. 'माइन'चं उलटं, त्याच्यापुढे नाम आलेलं त्याला चालत नाही. पण हे दोघे मुळात एकच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'मीन' असा एकच शब्द दोन्ही कामं करी, आपल्या 'माझं'सारखा. मग त्याचं शेपूट झिजलं. पुढे व्यंजन आलं तर माय, स्वर आला तर माइन, असा बराच काळ गेला. आज 'अ' आणि 'अ‍ॅन' आहेत ना, तसंच. त्यानंतर कामांची वाटणी झाली. देअर आणि देअर्स तर उत्तरेकडून समुद्र ओलांडून येऊन वसलेल्या लोकांच्या बोलीतून आलेले, इंग्रजीने ते स्वतःच्या घरात कायमचे ठेवून घेतले. 'हिज' तेवढा वाटणीच्या आधीसारखा राहिला. हिज बुक, द बुक इज हिज. मुलांना हे सांगितलं की तक्त्यातला तो एकच शब्द दोन्ही रकान्यांत सारखा का, याचा उलगडा होतो आणि त्यांचे डोळे चमकतात. 'अ फ्रेंड ऑफ माइन' मात्र समजावून सांगण्यापेक्षा दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावावं. कानाला सवय झाली की ते बसतं.

एका गोष्टीवर मात्र माझं मन अजून अडतं. इंग्रजी शरीराच्या प्रत्येक अवयवाला मालक जोडते. मी माझे हात धुतले, त्याने त्याचा हात त्याच्या खिशात घातला. आपण म्हणतो, हात धुतले, खिशात हात घातला. कुणाचे, हे विचारायची गरज पडत नाही. घरात आल्या आल्या मूल 'आई, पोट दुखतंय' म्हणतं तेव्हा त्या पोटाला मालक लागत नाही. इंग्रजीत ते मूल 'माय स्टमक' म्हणेल आणि म्हणायलाच हवं, तिथे तेच बरोबर. पण अलीकडे मराठीत 'मी माझा चहा पिऊन माझी बॅग घेऊन माझ्या ऑफिसला गेले' अशी वाक्यं कानावर येतात, छापूनही येतात, तेव्हा मला वाईट वाटतं. इंग्रजी शुद्ध लिहायला शिकलेल्याने मराठीही तितक्याच काळजीने लिहावी. इतके 'माझे' मराठीला सोसत नाहीत. ज्या भाषेत लोक स्वतःच्या पैशाने बांधलेल्या घरावर 'आईची पुण्याई' लिहितात आणि कर्ज काढून घेतलेल्या रिक्षामागे 'बाबांचा आशीर्वाद' रंगवून घेतात, त्या भाषेत षष्ठी जपूनच वापरलेली असते. मालकी सांगायची जागा मिळाली तर तिथेही दुसऱ्याचं नाव आधी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहून हे वाचता येतं.

त्या संध्याकाळी शेजारच्या मुलीला मी 'हर' का, हे सांगितलं. तिने आधी वाक्यातली मीना शोधली, मग भाऊ शोधला, मग म्हणाली, "म्हणजे राखी कोण बांधतंय ते बघायचं." तेवढंच बघायचं. पुढची पाच वाक्यं तिने न चुकता केली आणि वही मिटून पाऊस थांबायच्या आत घरी पळाली.

इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना, आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आई-बाबांना, आजी-आजोबांना माझी एक विनंती आहे. माय, माइन, युअर, युअर्सचा तक्ता जरूर पाठ करून घ्या, तो लागतोच. पण त्याआधी एक तास 'आपला' या शब्दाला द्या. मुलांकडून 'आपला' असलेली मराठी वाक्यं घ्या, त्यांच्या रोजच्या बोलण्यातली, आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा, हे कुणाचं? मीनाचं, आजोबांचं, की आपल्या सगळ्यांचं? उत्तर मुलांना मराठीत ठाऊक असतं. ते त्यांच्या तोंडून एकदा येऊ द्या, मग इंग्रजी शब्द लिहायला सांगा.